गाजलेली गाणी आणि तबकडीची मागची बाजू

१९६२ साली अमेरिकेतल्या आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने सॅम कुक या काळ्या गायकाच्या बारा गाण्यांची एक मोठी तबकडी काढली. नाव अगदी सरळ, 'द बेस्ट ऑफ सॅम कुक'. 'यू सेंड मी' या गाण्याने सुरुवात आणि 'ब्रिंग इट ऑन होम टू मी'ने शेवट. व्हिक्टरच्या तबकडीवर कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला तो कुत्रा असे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी बालगंधर्वांच्या तबकड्यांवर बसलेला तोच हा कुत्रा. समुद्रापलीकडे त्याचा धनी मात्र निराळा. गायकाचे वय त्या वेळी ३१. निवडक गाण्यांची तबकडी निघावी एवढे यश त्याने पाच वर्षांत मिळविले होते, आणि त्याच्या आयुष्याची आणखी अडीच वर्षेसुद्धा उरलेली नव्हती.

ही तबकडी आजही ऐकावी. तिच्यात एक गाणे कंटाळवाणे नाही. परंतु आज ज्या गाण्यासाठी सॅम कुकचे नाव जगभर घेतले जाते ते गाणे तिच्यात नाही. असणार तरी कसे? ते अजून त्याला सुचायचे होते. आणि ज्या गाण्यांनी त्याचा गळा घडविला तीही तिच्यात नाहीत, कारण ती दुसऱ्या कंपनीच्या मालकीची होती, आणि शिवाय ती देवाची होती. म्हणजे माणसाची सुरुवात आणि शेवट दोन्ही बाजूला ठेवून मधला हसरा भाग तेवढा या बारा गाण्यांत आला आहे. वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो, शिलालेख वाचताना तो कोणी कोरविला हे आधी विचारा. गाजलेल्या गाण्यांची यादी हाही एक शिलालेखच. तो गिऱ्हाइकाच्या नाण्यांनी कोरलेला असतो.

सॅमचा जन्म २२ जानेवारी १९३१ चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल गावचा. सभोवार कापसाची शेते, शेतात राबणारे काळे आणि मळ्यांचे मालक गोरे. वडील चार्ल्स कुक ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९३३ साली, सॅम दोन वर्षांचा असताना, हे कुटुंब उत्तरेला शिकागोला आले. त्या काळात दक्षिणेतली लक्षावधी काळी माणसे अशीच बिऱ्हाडे उचलून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. वडिलांनी आपल्या मुलांचेच एक गाणारे पथक केले, 'सिंगिंग चिल्ड्रन'. देवळात वडिलांनी प्रवचन करायचे आणि पोरांनी गायचे. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरची मुले टाळ धरायला शिकतात तेव्हाच सुरात येतात. तसाच हा प्रकार.

पुढे तरुणांच्या एका मेळ्यात गात गात तो १९५० च्या अखेरीस 'सोल स्टिअरर्स' या नामांकित भक्तिगीत-मंडळीत दाखल झाला. तेथे त्याने आर. एच. हॅरिस या थोर गायकाची जागा घेतली. ज्या गादीवर मोठा बुवा बसून गेला त्या गादीवर वीस वर्षांच्या पोराने बसायचे! हॅरिससारखा उंच, धारदार आवाज लावण्याच्या फंदात सॅम फार काळ राहिला नाही. त्याने स्वतःची एक मुरकी शोधून काढली. स्वर सरळ वर चढवायचा नाही, त्याला हलकेच झुलवत, वळणे देत पुढे न्यायचे आणि अलगद खाली ठेवायचे. ऐकणाऱ्याला वाटावे, हा माणूस गातच नाही, बोलता बोलता त्याला गाणे झाले. १९५१ साली स्पेशल्टी कंपनीने त्याचे 'जीझस गेव्ह मी वॉटर' मुद्रित केले आणि त्या एका गाण्याने तो काळ्यांच्या चर्चमधून घरोघर पोचला. तरुण पोरी पूर्वी मागच्या बाकांवर बसत, त्या पुढच्या बाकांवर येऊन बसू लागल्या असे सांगतात. देवाचे गाणे आणि गाणाऱ्याचे रूप यांतले कोणते कोणासाठी, हा प्रश्न आपल्याकडच्या कीर्तनातही कधीकधी पडतोच.

पाच-सहा वर्षे हे चालले. मग सॅमला बाहेरचे जग खुणावू लागले. आता येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काळ्यांच्या चर्चमध्ये भक्तीचे गाणे सोडून प्रेमाचे गाणे गाणे म्हणजे नुसता धंदा बदलणे नव्हते. एखाद्या सांप्रदायिक बुवाचा मुलगा टाळ खाली ठेवून फडात लावणी म्हणायला उभा राहिला तर गावात काय बोलतील, त्याची कल्पना करावी. रे चार्ल्सने १९५४ साली भक्तिगीताच्या चालीवर संसारी शब्द बसविले तेव्हा पुष्कळांनी कानांवर हात ठेवले होते. पण रे चार्ल्स हा काही देवाच्या गादीवरचा गायक नव्हता. सॅम होता. म्हणून 'लव्हेबल' हे त्याचे पहिले प्रेमगीत १९५७ च्या आरंभी बाहेर पडले ते 'डेल कुक' या खोट्या नावाने. गाणे म्हणजे त्याच्याच 'वंडरफुल' या भक्तिगीताचे सोंग बदललेले रूप. देवाच्या जागी मुलगी, बाकी सारे तेच. नाव बदलता येते, गळा कसा बदलणार? ऐकणाऱ्यांनी तो ताबडतोब ओळखला.

देवळाचा गळा आणि संसाराचे शब्द यांच्या या लग्नालाच पुढे सोल संगीत म्हणू लागले. सोल म्हणजे आत्मा. हे नाव रूढ होण्यापूर्वीच सॅमने ते लग्न लावून टाकले होते, म्हणून जाणकार त्याला या घराण्याच्या आद्यपुरुषांत धरतात.

त्याच वर्षी उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या एका मुद्रणाच्या वेळी भांडण झाले. बम्प्स ब्लॅकवेल हा मुद्रणाची व्यवस्था पाहणारा माणूस सॅमच्या मागे गोऱ्या गायकांचा कोरस उभा करून मवाळ गाणी करून घेत होता. स्पेशल्टीचा मालक आर्ट रूप हा अस्सल, रांगड्या काळ्या संगीताचा भोक्ता. तो आला आणि खवळला. गोऱ्या मालकाला काळे संगीत काळेच हवे होते आणि काळ्या गायकाला ते सर्वांचे व्हावे असे वाटत होते! शेवटी ब्लॅकवेलने येणे असलेल्या पैशांवर पाणी सोडले आणि त्या बदल्यात सॅमला आणि त्या मुद्रणांना घेऊन बाहेर पडला. कीन नावाच्या नव्या कंपनीने सप्टेंबर १९५७ मध्ये तबकडी काढली. एका बाजूला गर्श्विनचे प्रसिद्ध 'समरटाइम' आणि दुसऱ्या बाजूला सॅमने स्वतः रचलेले 'यू सेंड मी'. कंपनीची भिस्त 'समरटाइम'वर होती. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. 'यू सेंड मी' अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि सर्वसाधारण अशा दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेले आणि दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या.

या गाण्यात शब्द म्हणाल तर मूठभर. तेच तेच पुन्हा येतात. पण प्रत्येक वेळी सॅम त्यांना निराळ्या घडीने ठेवतो, जसा चांगला गवई एकाच बोलावर दहा जागा घेतो. त्याच्या लेखनाचे श्रेय तबकडीवर त्याच्या भावाच्या नावे आहे. कारण साधे होते. जुन्या करारामुळे सॅमच्या नावावरच्या गाण्याचे प्रकाशनाचे पैसे आर्ट रूपच्या खिशात गेले असते. गोड गळ्याचा हा पोरगा हिशेबातही कच्चा नव्हता, हे येथे प्रथम दिसते.

३ नोव्हेंबर १९५७ च्या रविवारी एड सलिव्हनच्या सुप्रसिद्ध दूरदर्शन-कार्यक्रमात त्याला बोलाविले. सारा देश पाहत असे असा तो कार्यक्रम. सॅमला अगदी शेवटी ठेवले होते. त्याने गाणे सुरू केले आणि कार्यक्रमाची वेळ संपली. गाणे अर्ध्यावर तुटले. प्रेक्षकांच्या तक्रारी गेल्या, तेव्हा १ डिसेंबरला त्याला पुन्हा बोलावून पुरते गाऊ दिले. मागे नंतर जे घडले त्याच्या उजेडात ही लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मग गाण्यांची रांग लागली. सगळ्यांविषयी लिहीत बसत नाही, पण दोन-तीन ठिकाणी थांबल्यावाचून राहवत नाही.

'वंडरफुल वर्ल्ड' हे १९६० साली निघालेले गाणे आम्हा शिक्षकांना जरा झोंबणारे आहे. त्यातला पोरगा शाळेतल्या एकेका विषयात आपण किती कच्चे आहोत याची यादी देतो, आणि प्रेमाच्या पेपरात मात्र पास होण्याची त्याला खात्री आहे. लू अॅडलर आणि हर्ब अल्पर्ट या दोन तरुण मित्रांनी ते अर्धेमुर्धे रचले होते. सॅमने त्यात शाळा अधिक भरली आणि ते चालते केले. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या कित्येकांचे हे राष्ट्रगीत व्हायला हरकत नव्हती. इतके साधे गाणे लिहिणे किती अवघड असते हे ज्याने कधी चार ओळी जुळविल्या त्यालाच कळेल.

'चेन गँग'चे तसे नाही. दक्षिणेत दौऱ्यावर असताना सॅमला रस्त्यावर काम करणारी कैद्यांची टोळी दिसली, पायांत बेड्या आणि हातांत अवजारे. त्याने गाडी थांबवून त्यांना सिगारेटी वाटल्या अशी हकीगत आहे. त्यातून हे गाणे आले. मागे घण पडल्याचा ठोका आहे आणि त्याबरोबर पुरुषांचे हुंकार, आपल्याकडे ओझे ओढताना हमाल काढतात तसे. पण चाल ऐकाल तर पाय थिरकू लागतात. १९६० साली हे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. किती जणांनी त्यावर नाच केला असेल आणि त्यांतल्या किती जणांना आपण बेड्यांच्या आवाजावर नाचतो आहोत हे जाणवले असेल? सॅमची हातोटीच ही होती. कडू औषध साखरेत घालून द्यायचे. साखर इतकी की पुष्कळांना औषध कळलेच नाही. १९६० मध्ये तरी त्याला ते कळायला हवे होते असेही दिसत नाही.

आणि 'ब्रिंग इट ऑन होम टू मी', १९६२ चे. गाण्यात रुसून गेलेल्या प्रेयसीला परत बोलावणे आहे, पण ऐकताना आपण सरळ चर्चमध्ये जाऊन बसतो. सॅम एक ओळ टाकतो आणि दुसरा आवाज तिला होकार देतो. बुवांनी चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो उचलावा तसा. तो दुसरा आवाज लू रॉल्सचा. शिकागोतला हा त्याचा जुना मित्र १९५८ साली सॅमच्याच गाडीच्या अपघातात मरता मरता वाचला होता. कित्येक दिवस तो शुद्धीवर नव्हता. हे ठाऊक झाल्यावर त्या दोन आवाजांचे एकमेकांना धरून चालणे निराळेच ऐकू येते. पाच वर्षांपूर्वी ज्या चर्चला सोडून तो निघाला होता तेच त्याने येथे बाजारात आणून उभे केले आहे. माझ्या मते त्या बारा गाण्यांतले हे सर्वांत श्रेष्ठ.

याच काळात त्याने आपले घर व्यवहाराच्या बाजूनेही बांधून घेतले. जे. डब्ल्यू. अलेक्झांडर या अनुभवी मित्राबरोबर स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, आणि 'सार' नावाची तबकड्यांची कंपनीही. गाणे गायल्याचे पैसे एकदाच मिळतात. गाण्याची मालकी असली तर तबकडीगणिक मिळतात. आपल्याकडे कितीतरी कलावंतांनी एकरकमी बिदागी घेऊन आपली कला दुसऱ्याच्या तिजोरीत टाकली. अमेरिकेतल्या काळ्या गायकांचेही तेच होत आले होते, आणि सॅमने ते आपल्यापुरते थांबविले. 'सार'मध्ये त्याने आपली जुनी सोल स्टिअरर्स मंडळी घेतली आणि बॉबी वोमॅक व त्याच्या भावांसारखी होतकरू पोरेही घेतली. या भावंडांचे 'इट्स ऑल ओव्हर नाउ' हे गाणे इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सनी उचलले आणि १९६४ साली तिकडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेले.

सॅमचे श्रोते मात्र दोन होते, आणि ते एका खोलीत क्वचितच बसत. किंबहुना दक्षिणेत त्यांना एका खोलीत बसू देत नसत. १९६१ साली मेंफिस शहरात काळ्या प्रेक्षकांना निराळे बसविणार असे कळताच त्याने आणि क्लाइड मॅकफॅटरने गाण्यास साफ नकार दिला. या दोन श्रोत्यांसमोरचे त्याचे दोन जलसे मुद्रित झाले आहेत. १२ जानेवारी १९६३ रोजी मायामीच्या काळ्या वस्तीतल्या हार्लेम स्क्वेअर क्लबमध्ये तो गायला. त्यात गळा फाटतो, घाम ऐकू येतो, लोक ओरडतात आणि तो त्यांना आणखी ओरडायला लावतो; किंग कर्टिसचा सॅक्सोफोन मागे पेटलेला असतो. कंपनीने हे मुद्रण ऐकले आणि कपाटात ठेवून दिले. त्याऐवजी जुलै १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू कोपाकबाना क्लबातला जलसा मुद्रित केला आणि तीन महिन्यांत बाजारात आणला. तेथे सॅम कोट-टायमध्ये, मधाळ, सभ्य. तोही खोटा नव्हे, पण तो अर्धा होता. हार्लेम स्क्वेअरची तबकडी निघाली ती १९८५ साली. तोवर गायकाला जाऊन वीस वर्षे झाली होती.

१९६३ हे वर्ष त्याला वाईट गेले. जूनमध्ये त्याचा दीड वर्षाचा मुलगा घरच्या पोहण्याच्या हौदात बुडून वारला. त्यातून तो सावरला असे त्याच्या जवळची माणसे म्हणत नाहीत. ऑक्टोबरमध्ये दौऱ्यावर असता तो बायको आणि साथीदारांसह लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्ट गावी पोचला. एका मोटेलमध्ये फोनवरून खोल्या राखून ठेवल्या होत्या. दारात काळी माणसे पाहताच खोल्या शिल्लक नाहीत असे सांगण्यात आले. सॅम संतापला, मालकाला बोलवा म्हणाला, हलेना. बायकोने कसेबसे समजावून बाहेर नेले. निघताना त्यांनी गाडीचे भोंगे जोरजोराने वाजविले. दुसऱ्या हॉटेलात पोचले तर तेथे पोलीस हजर. शांततेचा भंग केला म्हणून अटक! देशातल्या प्रत्येक रेडिओवर ज्याचा आवाज वाजतो त्या माणसाला एक खाट मिळाली नाही.

त्याच वर्षी त्याने बॉब डिलनचे 'ब्लोइन इन द विंड' ऐकले होते. गाणे त्याला आवडले, आणि एका गोऱ्या पोराने हे लिहावे आणि आपण काही लिहू नये याची त्याला लाजही वाटली असे त्याचे चरित्रकार सांगतात. वर्षअखेरीस त्याने अलेक्झांडरला घरी बोलावून एक नवे गाणे ऐकविले. ते जवळजवळ आपोआप आले, स्वप्नात आल्यासारखे, असे तो सांगत असे. गाण्याचे नाव 'अ चेंज इज गॉना कम', म्हणजे पालट होणार आहे.

३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवुडमध्ये त्याचे मुद्रण झाले. वाद्यवृंदाची रचना रेने हॉल याची. एरवी सॅमच्या गाण्यांत गिटार, ढोल आणि थोडी तंतुवाद्ये असत; येथे हॉलने अख्खा चित्रपट उभा राहावा तशी तंतुवाद्ये, फ्रेंच हॉर्न आणि नगारे घातले. सॅम पहिला शब्द काढतो तोच मुळी उंचावरून, जणू पुष्कळ वेळ दाबून धरलेला. ती झुलणारी मुरकी येथेही आहे, पण येथे ती लाडिक वाटत नाही. थकलेला माणूस भिंतीला हात लावून उभा राहतो तशी वाटते. पालट होईल असा विश्वास आहे आणि त्याच श्वासात जगणे जड झाले आहे आणि मरणाचीही भीती वाटते अशी कबुली आहे. चर्चच्या गाण्यात मेल्यानंतरचे ठिकाण ठरलेले असते. धर्मोपदेशकाच्या मुलाने येथे पलीकडे काय आहे ते मला माहीत नाही असे म्हणावे, यासारखे धाडस त्याने दुसऱ्या कोणत्याही गाण्यात केले नाही. बॉबी वोमॅकला ते ऐकताच मरणाची चाहूल लागली होती, असे तो पुढे सांगत असे.

त्यात एक कडवे आहे. गाणारा सिनेमाला जातो, शहरात फिरायला जातो, आणि कोणीतरी त्याला पुन्हा पुन्हा हटकते की येथे घुटमळू नकोस. सबंध गाण्यात अन्यायाची जागा बोट ठेवून दाखविणारे एवढे एकच कडवे. बाकीच्यांत नदी आहे, भाऊ आहे, काळ आहे. कोणालाही आपल्या दुःखावर बसवून घेता येतील अशी. या कडव्यात मात्र दार आहे, आणि ते बंद आहे. श्रीव्हपोर्टचे दार म्हणा.

७ फेब्रुवारी १९६४ रोजी जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये त्याने हे गाणे म्हटले. त्या कार्यक्रमाची फीत राखली गेली नाही. दोनच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, एड सलिव्हनच्या कार्यक्रमात इंग्लंडची बीटल्स मंडळी गायली आणि सारी अमेरिका दुसरीकडेच पाहू लागली. गाणे 'एंट दॅट गुड न्यूज' या मोठ्या तबकडीत इतर गाण्यांबरोबर निघाले आणि फारसा गवगवा न होता राहिले. सॅमने ते जलशांतूनही गायले नाही म्हटले तरी चालेल. वाद्यवृंद हवा ही अडचण होतीच; पण मला वाटते, गाणाऱ्यालाही ते रोज सोसण्यासारखे नव्हते.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही झाली. हॉटेले, थिएटरे, खानावळी यांची दारे वर्णावरून बंद करणे बेकायदा ठरले.

११ डिसेंबर १९६४ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या एका स्वस्त मोटेलमध्ये सॅम कुक गोळी लागून मेला. वय ३३. गोळी मोटेलच्या व्यवस्थापिकेने झाडली. तिने स्वसंरक्षणार्थ ती झाडली असा चौकशीचा निकाल झाला. सोबत आलेली बाई, गेलेले कपडे, पैसे, रागाच्या भरातला माणूस अशी ती हकीगत आहे, आणि त्याच्या घरच्यांचा व चाहत्यांचा तिच्यावर कधी विश्वास बसला नाही. सणाच्या अंकात त्या रात्रीची चिरफाड करण्याची माझी इच्छा नाही. शिकागो आणि लॉस एंजेलिस अशा दोन्ही ठिकाणी त्याच्या अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले.

दहा-अकरा दिवसांनी कंपनीने एक छोटी तबकडी बाजारात आणली. पुढच्या बाजूला 'शेक' हे नाचाचे गाणे आणि मागच्या बाजूला 'अ चेंज इज गॉना कम'. रेडिओसाठी लांबी कमी हवी म्हणून गाणे छाटले होते. कोणते कडवे गेले? सिनेमाचे आणि शहराचे. कायद्याने दार उघडून सहा महिनेही झाले नव्हते, आणि ते बंद होते हे सांगणारे कडवे तबकडीवर मावले नाही! 'शेक' सातव्या क्रमांकापर्यंत गेले. मागची बाजू सर्वसाधारण यादीत एकतिसाव्या क्रमांकावर थांबली. काळ्या श्रोत्यांच्या यादीत मात्र ती पहिल्या दहांत आली. आपल्या माणसाने काय म्हटले हे त्यांना कडव्यावाचूनही कळले होते.

पुढे इतर गायकांनीच ते गाणे जिवंत ठेवले. ऑटिस रेडिंगने १९६५ च्या आपल्या एका तबकडीत सॅमची तीन गाणी घेतली, त्यांत हे एक. अरेथा फ्रँकलिनने १९६७ साली ते गायले; तीही धर्मोपदेशकाची मुलगी, आणि लहानपणी वडिलांच्या चर्चमध्ये सॅमला ऐकलेली. सॅमच्या मृत्यूनंतर त्याच्या गाण्यांचे हक्क त्याचा हिशेब पाहणाऱ्या ऍलन क्लाइनच्या कंपनीकडे गेले, आणि हक्कांच्या वाटण्या अशा झाल्या की सगळा सॅम कुक एका तबकडीत सापडणे वर्षानुवर्षे कठीण होऊन बसले. १९८६ साली 'द मॅन अँड हिज म्यूझिक' हा संग्रह निघाला तेव्हा भक्तिगीते, गाजलेली गाणी आणि हे गाणे प्रथमच शेजारी बसली; तोही पुढे मिळेनासा झाला. २००३ साली 'पोर्ट्रेट ऑफ अ लेजंड' निघाले. ज्यांना घरी एकच संग्रह ठेवायचा असेल त्यांनी तो ठेवावा. बारा गाण्यांची जुनी तबकडी ज्यांच्याकडे असेल त्यांनी तीही टाकू नये. पाहुणे आल्यावर लावायला तिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

२००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत 'अ चेंज इज गॉना कम'ची निवड केली. 'रोलिंग स्टोन' मासिकाने २०२१ साली सर्वकाळच्या पाचशे श्रेष्ठ गाण्यांची यादी केली, तीत ते तिसरे आहे. 'यू सेंड मी', ज्याने एके काळी सगळ्या याद्या जिंकल्या होत्या, ते या गाण्याच्या बरेच मागे पडले आहे.

श्रीव्हपोर्टच्या नगराध्यक्षांनी २०१९ साली, म्हणजे त्या रात्रीनंतर ५६ वर्षांनी, सॅम कुकच्या घरच्या माणसांची शहराच्या वतीने माफी मागितली आणि त्याला मरणोत्तर शहराची मानाची किल्ली दिली. हे नगराध्यक्ष स्वतः काळे होते.